हिमोफिलियावरील उपचारांचा इतिहास

हिमोफिलिया हा रक्त गोठण्यासाठी आवश्यक असलेल्या प्रथिनाच्या कमतरतेमुळे होणारा आनुवंशिक विकार आहे. रक्तातील घटक ८ कमी असल्यास त्यास हिमोफिलिया ए, तर घटक ९ कमी असल्यास हिमोफिलिया बी म्हणतात. या दोन्ही घटकांची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने हा विकार प्रामुख्याने पुरुषांत आढळतो व स्त्रिया बहुधा त्याच्या वाहक असतात. जन्मणाऱ्या सुमारे ५,००० मुलग्यांपैकी एकास हिमोफिलिया ए असतो. तीव्र प्रकारात गुडघा, घोटा व कोपर या सांध्यांत वारंवार रक्तस्राव होतो आणि वेळीच उपचार न मिळाल्यास कायमचे अपंगत्व येते. शरीरात नसलेला घटक रुग्णापर्यंत सुरक्षितपणे आणि वेळेत पोहोचविणे, हाच या उपचारांच्या इतिहासाचा गाभा आहे.

प्रारंभिक काळ

दोन भाऊ सुंतेनंतर रक्तस्रावाने दगावले असल्यास पुढील मुलाची सुंता करू नये, असा निर्णय ज्यूंच्या तालमूद या ग्रंथात नोंदविलेला आहे. १८०३ मध्ये फिलाडेल्फियाचे वैद्य जॉन कॉनराड ओटो यांनी हा विकार पुरुषांना होतो व स्त्रियांमार्फत पुढील पिढीत जातो, असे दाखवून दिले. १८४० मध्ये लंडनमध्ये सॅम्युएल लेन यांनी शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव न थांबलेल्या एका मुलाला दुसऱ्या व्यक्तीचे रक्त देऊन वाचविले. तथापि रक्तगटांचा शोध लागलेला नसल्याने हा उपाय तेव्हा रूढ होऊ शकला नाही.

रक्तद्रवातील घटकांचा शोध

१९३७ मध्ये पॅटेक व टेलर यांनी निरोगी व्यक्तीच्या रक्तद्रवातील एका प्रथिनामुळे रुग्णाचे रक्त लवकर गोठते, असे सिद्ध केले. १९५२ मध्ये हिमोफिलिया बी हा स्वतंत्र विकार म्हणून ओळखला गेला. स्टीफन ख्रिसमस या रुग्णावरून त्यास 'ख्रिसमस रोग' असेही म्हणतात. रक्तद्रवात हे घटक अत्यल्प प्रमाणात असतात. त्यामुळे पुरेसा घटक मिळण्यासाठी रुग्णास मोठ्या प्रमाणात रक्तद्रव द्यावा लागे आणि त्याचा हृदयावर ताण येई.

१९६४ मध्ये ज्युडिथ पूल यांनी या अडचणीवर मार्ग काढला. गोठविलेला रक्तद्रव थंड तापमानात सावकाश वितळू दिल्यास तळाशी राहणाऱ्या साक्यात घटक ८ मोठ्या प्रमाणात असतो, असे त्यांना आढळले. 'क्रायोप्रेसिपिटेट' नावाचा हा पदार्थ साध्या रक्तपेढीतही तयार करता येतो. त्यात घटक ९ नसल्याने हिमोफिलिया बी असलेल्या रुग्णांना मात्र त्याचा उपयोग होत नाही.

दूषित रक्ताचे संकट

१९७० च्या दशकात घटकांची कोरडी भुकटी उपलब्ध झाली व रुग्ण घरीच इंजेक्शन घेऊ लागले. मात्र एका खेपेसाठी हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र केला जात असल्याने एका बाधित दात्यामुळे संपूर्ण खेप दूषित होई. परिणामी एचआयव्ही व यकृतदाहाचे विषाणू असंख्य रुग्णांत पसरले. अमेरिकेतील सुमारे निम्म्या रुग्णांना एचआयव्हीची लागण झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून उष्णतेद्वारे विषाणू नष्ट करण्याची पद्धत रूढ झाली. १९८४ मध्ये घटक ८ चे जनुक वेगळे करण्यात आले आणि १९९२ मध्ये जैवतंत्रज्ञानाने बनविलेला घटक ८ अमेरिकेत वापरात आला.

भारत व महाराष्ट्र

भारतात अशोक बहादूर वर्मा या रुग्णाने १९८३ मध्ये हिमोफिलिया फेडरेशन इंडिया ही संस्था स्थापन केली. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने या विकाराचे निदान, वाहक स्त्रियांची तपासणी व प्रसूतिपूर्व निदान या क्षेत्रांत महत्त्वाचे कार्य केले आहे. ही संस्था १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली होती. राज्यात ठाणे, नाशिक, सातारा व अमरावती येथे शासकीय केंद्रे सुरू करण्यात आली. बुलढाणा जिल्हा अमरावती विभागात मोडतो. परंतु लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावांपासून अमरावती दूर आहे. रक्तस्राव सुरू होताच घटक देणे आवश्यक असल्याने हे अंतर उपचारांतील मोठा अडथळा ठरते. दरम्यानच्या काळात सांध्यास विश्रांती देणे व बर्फाने शेकणे उपयुक्त असते. ॲस्पिरिन व स्नायूंत दिली जाणारी इंजेक्शने टाळावी लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये हिमोफिलियाचा समावेश आहे.

अलीकडील उपचार

रक्तस्राव होण्याची वाट न पाहता घटक नियमितपणे देण्याची प्रतिबंधक पद्धत स्वीडनमध्ये १९५० च्या दशकात सुरू झाली. काही रुग्णांच्या शरीरात दिलेल्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व उपचार निष्प्रभ ठरतो. अशा रुग्णांसाठी २०१७ मध्ये अमेरिकेत एमिसिझुमॅब या औषधास मान्यता मिळाली. हे औषध घटक ८ चे कार्य करते व त्वचेखाली आठवड्यातून एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा देता येते. २०२२ मध्ये युरोप व अमेरिकेत जनुकीय उपचारांना मान्यता मिळाली. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये हिमोफिलिया ए असलेल्या पाच रुग्णांवर त्यांच्याच मूलपेशींत जनुक घालून उपचार करण्यात आले. त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. या उपचारांचा प्रचंड खर्च ही मोठी मर्यादा असून, अनेक विकसनशील देशांत आजही क्रायोप्रेसिपिटेटचा वापर होतो.