शौर्याची जुनी बातमी कशी वाचावी?

कुवेत शहराच्या पश्चिमेला जहरा प्रांतात सुलैबिया आहे. आज तेथे शेतमळे आहेत आणि दाट वस्तीही आहे. त्या बाजूने उत्तरेला गेले की इराकची सरहद्द लागते, आणि पुढे बसरा. बसऱ्याजवळ शैबा येथे एप्रिल 1915 मध्ये तुर्की फौजेशी मोठी लढाई झाली. तिच्यात 110 वी आणि 117 वी या मराठा पलटणी होत्या. देशावरचे आणि कोकणातले शिपाई त्या वाळवंटात लढले.

त्यांच्या शौर्याची बातमी जगाला कोणी सांगितली? मुख्यतः इंग्रज वार्ताहरांनी. त्यांपैकी एक एडमंड कँडलर. हा घरबसल्या लिहिणारा नव्हता. 1904 मध्ये तिबेटच्या मोहिमेत 'डेली मेल'चा वार्ताहर असताना त्याने आपला डावा हात गमावला होता. पुढे मेसोपोटेमियात तो सरकारी वार्ताहर झाला. तेथे मजकूर आधी लष्करी अधिकाऱ्याकडून तपासून घ्यावा लागे. म्हणजे पराक्रम छापणे सोपे, आणि जखमींचे हाल छापणे कठीण. ते हाल खरे होते, हे 1917 मधील चौकशी आयोगाच्या अहवालातून उघड झाले.

कँडलरचे 'द सेपॉय' हे पुस्तक 1919 मध्ये निघाले. त्याची प्रकरणे पाहण्यासारखी आहेत: गुरखा, शीख, पठाण, डोगरा, मराठा, जाट. एकेका समाजाला एकेक प्रकरण. मराठ्यांनी या युद्धात नाव कमावले हे त्यात मान्य केले आहे. खेचरे हाकणाऱ्या 'द्राबी' लोकांवरही एक प्रकरण आहे, ही त्याची मोठी गोष्ट. पण मांडणी त्या काळाचीच: शौर्य हा माणसाचा नव्हे, जातीचा गुण. अमुक जात लढवय्यी, तमुक नाही.

या समजुतीचे परिणाम कागदापुरते राहिले नाहीत. 1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. पलटणी जातवार होऊ लागल्या, तशी बेने इस्राएलांचीही सैन्यातली जागा आटत गेली. मुंबईच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या सुभेदार, जमादार देणारा आपला समाज! हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये लिहून पुरा केलेल्या इतिहासात त्या अंमलदारांची नावे दिली आहेत. तो ग्रंथ छापला गेला 1937 मध्ये. वार्ताहर 'लढवय्यी जात' लिहीत होते, तेव्हा केहिमकर माणसांची नावे टिपून ठेवत होते. आज आपल्या हाती उरली आहेत ती ही नावे.

शौर्याच्या बातमीतून आणखी काय निसटते, ते कूत-अल-अमाराच्या वेढ्यात दिसते. डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत सहावी पुणे डिव्हिजन तेथे अडकली होती. अन्न संपत आल्यावर घोडे कापण्यात आले. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती कळवण्यात आली, तरी कित्येकांचे मन होईना. सेनापतीच्या दृष्टीने ही अडचण होती. कोशेर पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला मात्र यातला निर्धारही दिसेल आणि यातनाही.

म्हणून अशी जुनी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत. एक, यात शिपायाचे नाव आहे की फक्त साहेबाचे? दोन, त्याने नेमके काय केले ते सांगितले आहे, की नुसती विशेषणे आहेत? तीन, बंदूक हाती नसलेले, म्हणजे पाणके, डोलीवाले, मलमपट्टी करणारे, कोठे आहेत?

हे प्रश्न नव्या बातमीलाही लागू पडतात. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर हजारो भारतीय बसमधून त्याच बसऱ्यावरून बगदाद आणि पुढे अम्मानला गेले. तेथून एअर इंडियाने 1 लाख 11 हजारांहून अधिक लोकांना मायदेशी आणले. आकडा लक्षात राहतो. बसमध्ये शेजारच्या मुलाला आपले पाणी देणाऱ्याची बातमी होत नाही. ती घरच्यांनीच सांगायची असते.

शब्दार्थ
पलटण – सैन्याची तुकडी
वेढा – शत्रूने चहूबाजूंनी कोंडणे
अंमलदार – अधिकारी
डोलीवाले – जखमींना उचलून नेणारे

गृहपाठ: घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, ज्याची बातमी कधी छापली गेली नाही अशा एका धाडसाबद्दल दहा ओळी लिहा. 'शूर' हा शब्द वापरू नका.