ट्रॉलीचा हुक बदलताय? आधी भार कुठे पडतो ते बघा

दसरा झाला की कोल्हापूर जिल्ह्यात कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बातम्या येऊ लागतात आणि त्याच सुमारास उद्यमनगरात, तालुक्याच्या गावी, अगदी चौकातल्या वेल्डिंगच्या दुकानापुढेही ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. कुणाला फाळका बदलायचा असतो, कुणाला बेअरिंग. पण बरेचजण येतात ते जोडासाठी. "हुक जरा वर घेऊन द्या." "ट्रॉली दुसऱ्याची घेतली, आपल्या ट्रॅक्टरला बसत नाही, दांडी कापून द्या." "बैलं विकली, गाडी ट्रॅक्टरला लागंल असं काहीतरी करा." कोल्हापूरच्या कारागिराला लोखंड दाखवावे आणि काय हवे ते सांगावे, तासाभरात वस्तू तयार. जोड बसतो, पिन पडते, गाडी चालते. मग सगळे ठीक झाले असे वाटते.

शेतकरी बंधूंनो, जोड बसला म्हणजे गाडी जमली असे नाही. हुक चार बोटे वर गेला, दांडी दोन फूट आखूड झाली, की ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरवर वेगळ्या जागी आणि वेगळ्या मापाने पडतो. हा फरक सपाट डांबरी रस्त्यावर कळत नाही. मळीतल्या रानातून भरलेली ट्रॉली वर काढताना कळतो आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बैलगाडी भरणारा जुना गाडीवान भार कुठे पडतो ते डोळे मिटून सांगत असे. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, दांडी वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते. माल पुढे जास्त झाला की सगळे ओझे जुवावर येते आणि बैलांच्या माना दबतात. म्हणून गाडी भरताना तो दांडी हाताने उचलून बघायचा. थोडी जड लागली पाहिजे, पण एका माणसाला पेलली पाहिजे. आता बैलांच्या मानेच्या जागी ट्रॅक्टरचा ड्रॉबार आला. ट्रॅक्टर तक्रार करत नाही, एवढाच फरक.

आपल्याकडच्या ट्रॉल्या दोन प्रकारच्या. चारचाकी ट्रॉलीला पुढचा आख स्वतंत्र असतो आणि तो फिरत्या चकतीवर, म्हणजे टर्नटेबलवर, बसवलेला असतो. तिचा सगळा भार तिच्याच चार चाकांवर असतो. ट्रॅक्टरने फक्त ओढायचे. दुचाकी ट्रॉलीचे तसे नाही. ती बैलगाडीचीच बहीण. तिच्या भाराचा एक हिस्सा हुकावर येतोच आणि थोडा यायलाही हवा, कारण त्याने ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. प्रश्न असतो तो किती आणि कुठे याचा.

या टर्नटेबलची एक गंमत सांगण्यासारखी आहे. घोडागाड्यांच्या काळात चारचाकी बग्गीचा पुढचा आख वळावा म्हणून त्यावर लोखंडी कडे आडवे बसवत. चार चाके जमिनीवर आणि हे एक आडवे पडलेले, म्हणून इंग्रजीत त्याला 'पाचवे चाक', फिफ्थ व्हील, म्हणू लागले. पुढे मोटारी आल्या. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रुहाफ नावाच्या लोहाराकडे लाकडाचा एक व्यापारी आला. त्याला आपली बोट मोटारीमागे बांधून न्यायची होती. फ्रुहाफने एक गाडा बनवला, त्याचे मागचे टोक चाकांवर ठेवले आणि पुढचे टोक मोटारीच्या सांगाड्यावर टेकवले. आज महामार्गावर जे लांबलचक ट्रेलर धावतात, ते याच कल्पनेचे वंशज. त्यांच्या पुढच्या ट्रकवर खाच असलेला जाड पाटा असतो, तेच आताचे फिफ्थ व्हील. ट्रेलरखालचा खुंट त्या खाचेत अडकतो आणि ट्रेलरचे नाक त्या पाट्यावर विसावते.

हे सांगण्याचे कारण, आता मोबाइलवर आपली मुले परदेशातल्या शेतीचे व्हिडिओ पाहतात. तिकडचे शेतकरी जनावरे, गवताच्या गठड्या, यंत्रे नेताना पिकअप गाडीमागे 'गूजनेक' ट्रेलर जोडतात. नावाचा अर्थ हंसाची मान. ट्रेलरची दांडी हंसाच्या मानेसारखी वर जाऊन पुढे वाकते आणि पिकअपच्या हौद्यातल्या लोखंडी गोळ्यावर बसते. काहीजण हाच ट्रेलर फिफ्थ व्हीलच्या पाट्याला लागावा म्हणून मानेचे टोक बदलून खुंट बसवतात. ते पाहून आपल्याकडच्या तरुणाला वाटते, आपणही ट्रॉलीची दांडी वाकवून उंच का करू नये?

तिकडेही हा बदल वाटतो तितका साधा नाही. गोळा हौद्याच्या तळाशी असतो, पाटा त्याच्या बराच वर. तेवढ्याच मानेवर खुंट बसवला तर ट्रेलरचे नाक वर उचलले जाते आणि भार मागच्या आखावर जातो. शिवाय गोळ्यावरचा जोड चारी बाजूंना डुलतो. साधा पाटा मात्र पुढे-मागे झुकतो, डावीकडे-उजवीकडे फारसा नाही. खड्ड्यात एक चाक गेले की तो पीळ कुठेतरी जिरावा लागतो आणि तो मानेच्या सांध्यात जिरतो. म्हणून तिथे ट्रेलर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय असा फेरबदल करू नये असे सांगितले जाते.

आता आपल्या दृष्टीने मुख्य मुद्दा. गूजनेकचा गोळा उंच असतो हे आपल्याला दिसते. तो कुठे असतो ते आपण बघत नाही. तो असतो मागच्या आखाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे. म्हणून ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांना उचलत नाही. आपल्या ट्रॅक्टरचा हुक मागच्या आखाच्या मागे असतो. तो जागेवरून फक्त वर नेला, तर हंसाच्या मानेचा फायदा एकही मिळत नाही आणि तोटा मात्र दुप्पट होतो.

कसा, ते थोड्या हिशेबाने पाहू. दोन टनांचा ट्रॅक्टर धरा, त्यातले ७५० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या आखांत अंतर ६ फूट, हुक मागच्या आखाच्या मागे २ फूट. मागे सहा टनांची दुचाकी ट्रॉली, तिचा हुकावर येणारा भार ६०० किलो. या भाराने पुढची चाके २०० किलोंनी हलकी होतात. आता ही ट्रॉली मऊ रानातून, दहा फुटाला एक फूट अशा चढाने वर काढायची. तेवढ्याला हजार किलोच्या आसपास ओढ लागते. हुक जमिनीपासून दीड फुटावर असेल तर या ओढीने पुढचे आणखी २५० किलो कमी होतात. राहिले ३००. चढामुळे ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही थोडे मागे सरकते, तरी स्टिअरिंग हातात राहते. हाच हुक तीन फुटांवर नेला तर २५० च्या जागी ५०० किलो कमी होतात आणि पुढे उरतात जेमतेम ५०. त्यात चढाचे वजा करा. पुढची चाके जमिनीला टेकत नाहीत.

मागची चाके रुतली आणि हुक आखापेक्षा उंच असला, तर ट्रॅक्टर चाकांभोवती फिरून मागे उलथू शकतो. मागे उलथणारा ट्रॅक्टर पाऊण सेकंदात परत न येण्याच्या टप्प्यावर पोचतो, असे अमेरिकेतील कृषी विस्तार खात्यांच्या पत्रकांत वर्षानुवर्षे छापले जाते. क्लचवर पाय जायलाही एवढा वेळ पुरत नाही. म्हणून तीन-बिंदू जोडणीच्या वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी किंवा हुक अडकवून ओढणे हे जिवावरचे काम आहे, मग ती रुतलेली ट्रॉली असो की उपटायचा बुंधा. टोचन करायचे ते ड्रॉबारलाच.

दांडी कापण्याचेही असेच. वरच्या उदाहरणात हुक ते ट्रॉलीचा आख हे अंतर १२ फूट धरू. दांडी दोन फूट आखूड केली की हुकावरचा भार ६०० वरून ७२० किलोवर जातो, माल तोच असताना. वळताना ट्रॉलीचा कोपरा ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला घासू लागतो तो वेगळा. ऊस भरतानाही लक्ष हवे. त्याच १२ फुटी ट्रॉलीत सहा टन माल एक फूट पुढे सरकला, तर हुकावर ५०० किलो वाढतात. तेवढाच मागे सरकला तर ट्रॉली उलाळ होण्याच्या बेताला येते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते आणि रस्त्यावर ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते.

बैलगाड्यांचे काय? एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, तीन-तीन गाड्या जोडून ऊस नेण्याची पद्धत आता सगळीकडे दिसते. कुठे तिला जुगाड म्हणतात, कुठे अंगद. बैलाची जोडी सांभाळणे परवडत नाही हे मला मान्य आहे आणि त्यासाठी कुणाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण टायरची बैलगाडी बैलाच्या चालीसाठी केलेली आहे, ताशी चार किलोमीटरच्या. ती वीसच्या वेगाने ओढली की वेग पाचपट होतो आणि थांबवताना जिरवावा लागणारा जोर पंचवीसपट. गाडीला ब्रेक नाही. थांबवायची ती एकट्या ट्रॅक्टरने, आणि उतारावर मागच्या गाड्या पुढच्याला ढकलतात. ज्यांना हे करावेच लागते त्यांनी गाडीची मूळ लाकडी किंवा पाइपची दांडी हुकात अडकवू नये; आखापर्यंत पोचणारा पोलादी चॅनेलचा त्रिकोणी सांगाडा करून घ्यावा. ओढ साट्यावर न येता आखावर आली पाहिजे. रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक-पेडल एकत्र अडकवलेले असावेत. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर सगळी आगगाडी आडवी होते.

कारागिराला काम सांगतानाही दोन शब्द बोलावेत. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचे घर बहुतेक बिडाचे असते. त्यावर थेट वेल्डिंग केले तर शेजारी तडा जातो आणि तो रंगाखाली लपून राहतो. हुकाची पट्टी मूळ बोल्टांच्या भोकांवरच कसावी. घासून अंडाकृती झालेले हुकाचे डोळे वेल्डिंगच्या थरांनी भरून घेण्यापेक्षा नवे बसवावे. भरलेला भाग वरून गुळगुळीत दिसतो, आतून ठिसूळ असतो. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणारे लोक मी अजूनही पाहतो. दोनशे-चारशे रुपयांची पिन वाचवून लाखाची ट्रॉली ओढ्यात घालण्याचा हा प्रकार. पिनेला खालून कुलूप-क्लिप हवीच, नाहीतर खड्ड्यात ती उडी मारून बाहेर येते. आणि हुकाशिवाय एक साखळी, दांडीखालून आडवी गुंफलेली, म्हणजे पिन गेलीच तर दांडी रस्त्यात रुतणार नाही.

घरातल्या बायकांनीही एका गोष्टीवर नजर ठेवावी. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधल्या दांडीवर पोरे बसतात. तोडणीवाल्यांची बसतात, आपलीही बसतात, वैरण आणताना तर सर्रास. पिन घालताना मदत म्हणून लहान मुलाला मध्ये उभे करण्याची पद्धतही काही घरांत आहे. ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला मधला माणूस दिसत नाही. आधी ट्रॅक्टर थांबवावा, गिअर काढून ब्रेक लावावा, मग मोठ्या माणसाने मध्ये जावे.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरबदल वाहनात करता येत नाही. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी असते. दांडी, आख, सांगाडा यांत मोठा बदल करून पुढे अपघात झाला, तर विम्याचा दावा नेमका इथे अडू शकतो.

मग बदल करून घेतलेला जोड बरोबर आहे की नाही हे घरच्या घरी कसे ओळखावे? त्यासाठी कारखान्याचा किंवा बाजारातला वजनकाटा पुरेसा आहे. प्रथम ट्रॉली सोडून पूर्ण ट्रॅक्टरचे वजन घ्यावे. मग ट्रॉली नेहमीसारखी भरून, जोडून, फक्त ट्रॅक्टरची पुढची चाके काट्यावर आणावीत. काट्याचा पाटा आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहिला पाहिजे, म्हणजे दोन टनांच्या ट्रॅक्टरला ४०० किलो. त्याहून कमी आले तर माल मागे सरकवावा, दांडीची लांबी तपासावी, पुढे लोखंडी वजने लावावीत. हुक वर घेतलेला असेल तर वजनांनी काम भागवू नये. तो मूळ उंचीवर परत आणावा, कारण काट्यावर उभ्या ट्रॅक्टरला ओढ नसते आणि चढावर किती कमी होणार ते काटा दाखवत नाही. पहाटे काट्यावर गाड्यांची रांग असते. दुपारी रिकामा काटा पाहून जावे, तिन्ही कामे अर्ध्या तासात होतात.