मनाच्या दुखण्यावर बोलण्याचा उपाय

अंगात ताप भरला की आपण डॉक्टरकडे जातो आणि ते चारचौघांत सांगतोही. मन दुखणाईत झाले की मात्र दार लावून घेतो. 'लोक वेडा म्हणतील' ही एक भीती, आणि 'नुसत्या बोलण्याने काय व्हायचे आहे?' ही दुसरी शंका. या शंकेपायी पुष्कळ माणसे वर्षानुवर्षे सोसत राहतात. म्हणून आज आम्ही तिचाच विचार करणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. कचेरीत हुशार म्हणून गणला जाणारा एक तरुण आहे. चार माणसांपुढे बोलायची वेळ आली की त्याची छाती धडधडते, घशाला कोरड पडते. याच भीतीने तो चालून आलेली बढतीही नाकारतो. हा तरुण चार निरनिराळ्या पद्धतींच्या उपचारकांकडे गेला, तर काय घडेल?

पहिला विचारील, "ही भीती आली कोठून?" व्हिएन्नाच्या ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी १८९५ साली उन्मादाच्या रुग्णांविषयी ग्रंथ लिहिला. त्यातून पुढे फ्रॉइडचे मनोविश्लेषण वाढले. दडपलेल्या आठवणी व इच्छा रोगाचे रूप घेतात, त्या मोकळेपणी बोलून उजेडात आणाव्यात, अशी ही दृष्टी.

दुसरा म्हणेल, "भीती शिकलात, तशी ती विसरताही येईल." १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावरचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणीत गेले. अखेर मूल त्याला हात लावू लागले. हा उपचारक आपल्या तरुणाला आधी दोघांपुढे, मग पाचांपुढे, मग सभेत बोलायला लावील.

तिसरा विचारील, "बोलताना चुकलात, तर नेमके काय बिघडेल?" अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात ही वाट घातली. प्रसंगापेक्षा त्याविषयीची आपली समजूत अधिक छळते, असे ते मानीत. 'मी कधीच चुकता कामा नये' हा हट्ट तपासून पाहणे, हा येथे उपचार.

चौथा फारसे विचारणारच नाही, तो ऐकेल. कार्ल रॉजर्स यांच्या मते आस्था, सच्चेपणा आणि दोष न देता केलेला स्वीकार लाभला, की माणूस आपली वाट आपणच शोधतो.

मग खरा कोण? १९७७ साली स्मिथ आणि ग्लास यांनी सुमारे ३७५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. उपचार घेतलेला सरासरी माणूस उपचार न घेतलेल्या शंभरांतील पंचाहत्तरांपेक्षा बरा आढळला. पद्धतीपद्धतींत मात्र फरक थोडाच दिसला. उपचारकाशी जुळलेले विश्वासाचे नाते सर्वच पद्धतींत मोलाचे असते. याचा अर्थ पद्धत कोणतीही चालेल असा नव्हे. ठराविक गोष्टीची भीती असेल, तर तिला पायरीपायरीने सामोरे जाणे विशेष उपयोगी पडते. भास होणे, वास्तवाचे भान सुटणे अशा आजारांत तर नुसत्या बोलण्यावर न थांबता मनोविकारतज्ज्ञाकडून औषध घ्यावे लागते.

तेव्हा पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारावे: आपण काय करणार, कशासाठी, साधारण किती दिवस? काही भेटींनंतर जुळले नाही, तर तसे मोकळेपणी सांगावे. एक दार आपल्या मापाचे नव्हते म्हणून आपले दुखणेच असाध्य, असे समजू नये. जवळपास कोणी नसेल, तर सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आपला तरुण चौघांपैकी कोणाकडे गेला, हे आम्ही सांगत नाही. तो घराबाहेर पडला, हे महत्त्वाचे. त्याला कोणी "कोठे निघालास?" असे विचारले, तर "डॉक्टरकडे" इतक्याच सहजपणे त्याला उत्तर देता यावे, आणि ते तुमच्या-आमच्या हातात आहे.