सर्व्हर डाऊन नाही, वाट भरली आहे

दहावीचा निकाल दुपारी एकला म्हटलं की वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटात पावणेएकपासूनच मोबाइल हातात येतात. राज्यभरातले पंधरा लाखांवर विद्यार्थी, वर त्यांचे मामा-मावश्या, सगळे एकाच घटकेला. पान उघडलं नाही की निदान ठरलेलंच: ‘सर्व्हर डाऊन आहे.’

अनेकदा सर्व्हर चालूच असतात. त्यांच्यापुढे उभ्या, विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरवर कनेक्शनांची मर्यादा भरलेली असते. अशा वेळी रिफ्रेश दाबून नंबर लवकर लागत नाही. जुनी विनंती सोडून आपण रांगेच्या शेपटाला जातो, आणि सोडलेल्या विनंतीवर मागचा सर्व्हर बरेचदा राबतच राहतो.

याहून घातक गैरसमज यंत्रणा सांभाळणाऱ्यांचा: एकाच आयपी पत्त्यावरून शेकडो कनेक्शनं दिसली म्हणजे हल्लाच. हल्ला असूही शकतो. पण आयपीव्ही-४ पत्ते अपुरे पडतात, म्हणून मोबाइल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. शिवाय एचटीटीपी १.१ वर एकटा ब्राउझरच एका साइटशी सहापर्यंत कनेक्शनं उघडतो. पत्ता बघून सरसकट तोडलं, तर वरुड तालुक्यातली कितीतरी पोरं एका फटक्यात बाहेर. आधी कनेक्शनांची यादी बघावी: एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये ‘शो सेस’, लिनक्सच्या एलव्हीएस या लोड बॅलन्सरमध्ये ‘आयपीव्हीएसएडीएम’. कनेक्शन किती वेळ उघडं आहे, त्यावरून काही जातंय का, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये.

सर्व्हर देखभालीला काढला की त्यावरचे लोक आपोआप तुटतात, हेही खरं नाही. एचएप्रॉक्सीत ‘ड्रेन’ केलं की नवी माणसं दुसरीकडे जातात, चालू काम पुरं होतं. ‘मेंट’ म्हणजे देखभालीवर टाकलं तरी जुनी सेशन्स बहुधा टिकतात. ती तोडायला ‘शटडाउन सेशन्स सर्व्हर’ अशी वेगळी आज्ञा आहे. एलव्हीएसमध्ये ‘ड्रेन’चं काम सर्व्हरचं वजन शून्य करून होतं.

एफ-फाइव्हच्या बिग-आयपी या लोड बॅलन्सरवर मात्र जपून. तिथे ‘डिलीट सिस कनेक्शन’ या आज्ञेला पत्ता किंवा पोर्टची गाळणी लावली नाही, तर ती अडकलेलं एखादं कनेक्शन शोधत बसत नाही, सगळीच उडवते. एकला पाच मिनिटं असताना ती टंकणाऱ्याने एंटरआधी ओळ पुन्हा वाचलेली बरी.