तलावांच्या प्रदेशातील मासेमारी नाव : देखभाल, घरगुती सुधारणा आणि वाहतूक
(विशेष संदर्भ : अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

प्रस्तावना

पूर्व विदर्भाची ओळख तलावांचा प्रदेश अशी आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांच्या जोडीला नवेगाव बांध हा प्राचीन जलाशय आणि गाढवी नदीवरील, १९७० मध्ये पूर्ण झालेले इटियाडोह धरण आहे. या पाण्यावर ढिवर समाजाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली, तलावांची मालकी बदलली, मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांमार्फत ठेक्याने मिळू लागले. तलाव ठेक्याचा असला तरी नाव मात्र मासेमाराची स्वतःची असते. म्हणून तिची दुरुस्ती हा त्याच्या अर्थकारणाचा आणि जीविताचाही प्रश्न होय.

सागरी नौकाबांधणीवर बरेच लेखन झाले आहे. गोड्या पाण्यातील लहान नावेकडे त्या मानाने अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. नाव कोठे, कशामुळे नादुरुस्त होते, मालकाला स्वतः काय करता येते आणि एका तलावावरून दुसऱ्या तलावावर ती नेताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नावेचे प्रकार व त्यांचे स्वभाव

या भागात एकसंध खोड कोरून केलेला डोंगा, फळ्या जोडून केलेली नाव, लोखंडी पत्र्याची नाव आणि फायबरची नाव असे प्रकार आढळतात. मोठ्या घेराची झाडे दुर्मिळ झाल्याने पत्रा व फायबर यांचे प्रमाण वाढणे स्वाभाविक आहे. हा बदल केवळ साहित्यापुरता मर्यादित नाही. लाकूड पाण्याहून हलके असल्यास डोंगा पाण्याने भरला तरी तळाशी जात नाही, मासेमाराला त्याला धरून राहता येते. लोखंड पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, तर फायबरचे साहित्य सुमारे दीडपट जड असते. त्यामुळे या नावा पाणी भरताच बुडतात. साहित्य बदलले, परंतु नाव आपल्याला तारून धरील हा जुना विश्वास तसाच राहिला, तर तो घातक ठरू शकतो.

लाकडी नाव : कुजणे आणि तडकणे

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा या दोहोंची गरज असते. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. लाकूड पूर्णपणे पाण्याखाली असेल तर हवेअभावी ती वाढत नाही. म्हणून नाव कुजते ती मुख्यतः पाण्याच्या रेषेवर, काठावर, खिळ्यांच्या छिद्रांत आणि तळाशी साचलेल्या पाण्यालगत. तपासणीही तेथूनच सुरू करावी. टोकदार दाभण टोचून पाहिल्यास निरोगी लाकूड प्रतिकार करते, कुजलेले लाकूड दाभणाला वाट देते.

उन्हाळ्यातील समस्या वेगळी असते. एप्रिल-मे महिन्यांत तलाव उतरतो, नाव काठावर पडून राहते आणि उन्हाने तडकते. डोंगा उथळ पाण्यात बुडवून ठेवणे किंवा सावलीत पालथा घालून ओल्या गोणपाटाने झाकणे, हे दोन्ही उपाय शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहेत. कारण दोहोंमुळे वाळण्याची गती मंदावते. फळ्यांची नाव मात्र फटी बुजवल्यावर पाण्यात ठेवून फुगू द्यावी. फट गच्च ठासून भरल्यास फळी फुगताना खिळे उचकटतात.

लाकडास तेल लावताना तेलाचा प्रकार पाहावा. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कठीण पापुद्रा धरते. करंजाचे व मोहाच्या बियांचे तेल तसे वाळत नाही. ते काही काळ पाणी रोखते, परंतु चिकट राहते आणि त्यावर रंग धरत नाही. भाताच्या बांधीत उतेरा पद्धतीने जवस घेण्याची रीत पूर्व विदर्भात परिचित असल्याने हे तेल स्थानिक पातळीवर मिळू शकते.

डांबराबाबतही विवेक हवा. मराठीत एकाच नावाने ओळखले जाणारे दोन पदार्थ आहेत. खनिज तेलापासूनचे, रस्त्यासाठी वापरले जाणारे डांबर तुलनेने सौम्य असते. दगडी कोळशापासूनच्या डांबरात कर्करोगकारक घटक मोठ्या प्रमाणात असतात. ज्या तलावात मासे व शिंगाडा पिकतो, तेथे दुसऱ्याचा वापर टाळावा.

पत्र्याची नाव : गंज

पत्र्याची नाव सर्वत्र सारखी गंजत नाही. पाण्याच्या रेषेजवळ एका भागास हवा अधिक, तर लगतच्या भागास कमी मिळते. या फरकामुळे तेथे विद्युत-रासायनिक क्रिया घडून गंज वेगाने वाढतो. चिखलाच्या थराखाली व दुमडलेल्या सांध्यांतही हेच घडते. यास्तव प्रत्येक फेरीनंतर तळातील चिखल धुवावा, नाव किंचित तिरपी ठेवावी आणि वर्षातून एकदा तारेच्या ब्रशने गंज काढून, पूर्ण वाळवून, प्रायमर व रंगाचे दोन हात द्यावेत. शिशाचा लाल प्रायमर वापरू नये. घरगुती रंगांतील शिशावर भारतात २०१७ पासून ९० पीपीएम ही मर्यादा लागू आहे, परंतु औद्योगिक रंग त्या मर्यादेबाहेर आहेत. म्हणून खरेदी करताना डब्यावरील माहिती वाचणे अगत्याचे आहे.

फायबरची नाव : दुरुस्तीतील दक्षता

फायबरच्या नावेला लहान भेग पडल्यास ती घरी दुरुस्त करता येते. भेगेभोवतीचा भाग घासून उतरता करावा, पूर्ण वाळवावा आणि फायबर मॅटचे तुकडे पॉलिएस्टर रेझिनने लहानाकडून मोठ्याकडे या क्रमाने बसवावेत. हार्डनरचे प्रमाण साधारणतः रेझिनच्या १ ते २ टक्के असते. विदर्भाच्या उन्हाळ्यात रेझिन फार लवकर घट्ट होते; म्हणून काम सकाळी, सावलीत करावे व मिश्रण थोडे थोडे घ्यावे. एक नियम कधीही मोडू नये : हार्डनर आणि कोबाल्ट अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट मिसळू नयेत, त्यातून स्फोट होऊ शकतो. अॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळावा आणि नंतरच हार्डनर घालावा.

तरंगक्षमता : सर्वांत आवश्यक सुधारणा

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत झुंज येथे नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटून शेतमजुरीसाठी निघालेल्या सहा स्त्रिया बुडाल्या. या दुर्घटना माणसांची ने-आण करणाऱ्या नावांच्या होत्या. तथापि उलटलेली नाव माणसांना धरून राहण्याजोगी उरते काय, हा प्रश्न मासेमारी नावेलाही तितकाच लागू पडतो.

याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. पत्र्याची नाव १०० किलो वजनाची आहे असे मानू. तिच्यातील लोखंडाचे आकारमान सुमारे १२.७ लिटर; म्हणजे आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्याखाली तिचे वजन सुमारे ८७ किलो भरते. पाण्यात असलेल्या माणसाला डोके वर ठेवण्यासाठी साधारण १० किलोंचा आधार पुरतो. दोघांसाठी २० किलो. एकूण गरज १०७ किलोंची झाली. खाद्यतेलाचा १५ लिटरचा रिकामा, घट्ट बंद केलेला प्लास्टिकचा डबा स्वतःचे वजन वजा जाता सुमारे १४ किलो उचलतो. आठ डबे ११२ किलो उचलतील. जाळे व चुकीची तजवीज म्हणून दहा डबे घ्यावेत. ते पुढील व मागील फळीखाली आणि दोन्ही बाजूंस काठालगत, जुन्या जाळ्यात घट्ट बांधावेत. तळाशी बांधल्यास पाणी भरलेली नाव पालथी होण्याचा धोका वाढतो. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होत असल्याने डबे दरवर्षी तपासावेत. ही सुधारणा अल्प खर्चात होते, परंतु ती जीवनरक्षक जॅकेटला पर्याय नव्हे.

वाहतूक आणि तलावांचे आरोग्य

नाव बैलगाडीतून वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेताना तिचा भार कण्यावर व आडव्या पट्ट्यांखाली यावा, कडांवर येऊ नये. आधाराखाली भाताच्या पेंढ्याच्या गोण्या घालाव्यात. मुरमावरून नाव ओढल्यास फायबरचा वरचा थर झिजतो व आत पाणी शिरते. दोन चाकांचा हातगाडा केल्यास आस नावेच्या तोलबिंदूच्या किंचित मागे बसवावा, म्हणजे थोडा भार दांड्याकडे राहतो आणि गाडा उलट उचलला जात नाही. दूरवरून आलेली ट्रॉली लगेच पाण्यात उतरवू नये. तापलेल्या बेअरिंगमधील हवा थंड पाण्यात एकदम आकसते व आत पाणी ओढले जाते.

याहून महत्त्वाचा मुद्दा तलावांचा आहे. बेशरम ही वनस्पती खोडाच्या तुकड्यापासूनही रुजते. जलपर्णीचे लहानसे रोपही नवा तलाव व्यापू शकते. या तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर बांधवांच्या सहभागाने तलावांतील बेशरम काढून स्थानिक जलवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. न धुता नेलेली एक नाव अशा श्रमांवर पाणी फिरवू शकते. म्हणून तलाव बदलताना नाव व जाळे धुणे, तळातील पाणी काठावरच ओतणे आणि दोन्ही उन्हात वाळवणे हा देखभालीचाच भाग मानावा.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, नावेची देखभाल म्हणजे केवळ गळती थांबवणे नव्हे. साहित्य बदलले की नादुरुस्तीचे स्थान बदलते आणि बुडण्याची रीतही बदलते. डोंग्याबरोबर आलेले ज्ञान पत्र्याच्या व फायबरच्या नावेला जसेच्या तसे पुरत नाही, ते नव्याने घडवावे लागते. या कामी महाविद्यालयांना प्रत्यक्ष वाटा उचलता येईल. रसायनशास्त्र विभागाने तेले व रंग तपासावेत, भौतिकशास्त्र विभागाने तरंगक्षमतेची प्रात्यक्षिके तलावाकाठी घ्यावीत, मराठी विभागाने नावेच्या भागांची व कामांची ढिवरी शब्दसंपदा नोंदवावी. तलाव वर्गाबाहेरच आहे आणि त्यावर रोज जाणारा मनुष्य या अभ्यासातील विषय नसून सहकारी आहे, ही जाणीव ठेवून असा अभ्यास झाल्यास त्याचा लाभ दोन्ही पक्षांस होईल.