माळ्यावर कोण घोरतंय?

समजा दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही रोह्याला मामाकडे गेलात. जुनं कौलारू घर, वर अडगळीचा माळा. रात्री नेमकी वीज गेली आणि वरून आवाज आला, खर्रर्र... खर्रर्र... माळ्यावर तर कुणीच झोपत नाही! तेवढ्यात बाहेर एक कर्कश किंकाळी आली आणि अंगणावरून पांढरंफटक काहीतरी तरंगत गेलं. पंखांची फडफडसुद्धा नाही.

"हडळ!" म्हणत गोधडीत शिरलात ना? या बाहेर. घोरणारी ती पिल्लं आहेत, भुकेली. किंकाळी फोडणारी त्यांची आई किंवा बाबा. हे कुटुंब आहे गव्हाणी घुबडांचं. इतर अनेक घुबडांसारखं गव्हाणी घुबड घुमत नाही, चिरकतं. त्याचा चेहरा आणि पोट पांढरं असतं, म्हणून अंधारात खालून बघणाऱ्याला पांढरं भूतच दिसतं. आणि उडताना आवाज का येत नाही? त्याच्या पिसांच्या कडेला बारीक दाते असतात. त्यांच्यामुळे हवेचा सळसळाट दबून जातो.

मग हे महाशय रात्रभर करतात काय? पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या शेतांत, भात पिकायला आलं की उंदरांची चंगळ होते. मिट्ट काळोखात ते धान्य कुरतडत बसतात आणि वरून घुबड फक्त ऐकत असतं. त्याचे दोन कान एका उंचीवर नसतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. आवाज कोणत्या कानात आधी पोचला यावरून त्याला डावं-उजवं कळतं आणि कोणत्या कानात मोठा ऐकू आला यावरून वर-खाली. त्याचा बदामी आकाराचा चेहरा आवाज गोळा करून कानांकडे वळवतो.

अमेरिकेत रॉजर पेन नावाच्या शास्त्रज्ञाने याची गंमतशीर परीक्षा घेतली. पूर्ण अंधाऱ्या खोलीत त्याने एक उंदीर सोडला आणि उंदरामागे दोरीने एक वाळकं पान बांधलं. उंदीर गुपचूप पुढे, पान खरखरत मागे. घुबडाने झडप कशावर घातली असेल? पानावर! म्हणजे वास नाही, नजर नाही, सगळा खेळ कानांचा. याच पेन यांनी पुढे देवमाशांची गाणी जगाला ऐकवली.

तुम्हीही करून बघा. डोळे मिटून खुर्चीत बसा. मित्राला बरोब्बर समोर उभं राहून किल्ल्या वाजवायला सांगा, कधी डोक्याच्या उंचीवर, कधी गुडघ्याजवळ. आवाज वर की खाली, ते बोट दाखवून सांगा. आवाज डावी-उजवीकडून आला असता तर पटकन सांगितलं असतं, वर-खाली सांगताना मात्र जास्त चुकाल. आपले कान एका रेषेत आहेत ना!

एवढा हुशार शिकारी, तरी त्याला कुणी जवळ करत नाही. दिवसा बाहेर दिसला की कावळे ओरडत अंगावर धावून जातात. मोठी घुबडं रात्री झोपलेल्या पक्ष्यांनाही उचलतात, म्हणून हा राग. माणसं तर त्याला अशुभ म्हणून दगड मारतात, जादूटोण्यासाठी पकडतातसुद्धा. हा गुन्हा आहे बरं! वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे. वर आणखी एक संकट: विष खाल्लेला उंदीर घुबडाने गिळला, तर तेही मरू शकतं. भूत-भूत म्हणून आपण ज्याला घाबरतो, त्याच्या स्वप्नात राक्षस म्हणून बहुधा आपणच येत असू.

एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतीखाली काळपट, लांबट गोळ्या दिसल्या तर थांबा. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, हातमोजे घाला, काडीने गोळी उकला आणि आत उंदरांच्या कवट्या किती आहेत ते मोजा. मग हात साबणाने धुवा आणि घुबडाला अशुभ म्हणणाऱ्या शेतकरीकाकांना तो आकडा जरूर सांगा.