वारा कोठून येतो?

पावसाळ्यात मुंबई-वसई परिसराची हवा निर्मळ असते; नाताळच्या सुमारास मात्र तीच धुरकट होते. वाहने व कारखाने तर बाराही महिने चालू असतात. मग हा फरक का पडतो? याचे उत्तर बरेचसे वाऱ्याच्या वाटेत आहे.

हवा ज्या प्रदेशावरून येते, तेथील कण ती सोबत आणते. जून ते सप्टेंबरमध्ये नैऋत्येचे वारे हजारो किलोमीटर समुद्रावरून येतात. त्यांत मिठाचे कण असतात, पण धूर अल्प असतो. शिवाय पाऊस हवा धुऊन काढतो. हिवाळ्यात उत्तर व ईशान्येकडून, जमिनीवरून येणारी हवा वाटेतील धूळ व धूर घेऊन येते. त्यातच रात्री जमीन लवकर थंडावते, वर उबदार हवेचे जणू झाकण बसते आणि आपला धूर आपल्याच डोक्यावर साचतो. दिवसा समुद्रावरील वारा सुटला की काहीशी सुटका होते.

समुद्राकडील वारा नेहमीच स्वच्छ असतो असेही नाही. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने अवघी मुंबई झाकोळली होती. हवामानाच्या नोंदींवरून शास्त्रज्ञ हवेचा मागील काही दिवसांचा मार्ग उलट दिशेने रेखाटतात, तेव्हा अशा धुळीचे मूळ कळते.

२.५ मायक्रोमीटरहून लहान कण फुप्फुसांत खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली त्यांची चोवीस तासांची मर्यादा प्रति घनमीटर १५ मायक्रोग्रॅम ठरविली. भारताचे मानक ६० आहे.

'प्रदूषण बाहेरून आले' असे म्हणून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. वारा आमच्याकडे येतो, तसा आमच्याकडून पुढेही जातो. बांधकामाची धूळ आणि जळता कचरा यांचा पहिला घास मात्र रस्त्यावरचा मजूर, लहान मूल व दम्याचा रुग्ण ठरतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामायिक घर म्हटले, ते याच अर्थाने.

म्हणून हिवाळ्यात पालापाचोळा जाळू नये, त्याचे खत करावे. वर्षअखेरीस 'म्हातारा' जाळण्याची प्रथा जेथे आहे, तेथे त्यात टायर व प्लॅस्टिक मुळीच घालू नये. त्या रात्रीचा धूर सहजी वर जात नाही.

हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना 'रुआह' हा एकच शब्द आहे. शेजाऱ्याचा श्वास निर्मळ राखणे हेही आम्हां ख्रिस्ती भाविकांचे प्रेमकार्यच होय.